पाटाच्या तोंडाशी

नदीला आडवा बांध घालायचा, पाणी हात-दोन हात उंच करायचे आणि काठातून खणलेल्या पाटाने ते शेताकडे वळवायचे, ही सिंचनाची फार जुनी रीत आहे. तिला मोट लागत नाही, पंप लागत नाही, विजेची वाट पाहावी लागत नाही. पाणी उताराने आपले आपण चालते. मराठेशाहीतील दफ्तरांत अशा जमिनीची नोंद पाटस्थळ म्हणून आणि विहिरीवर भिजणाऱ्या जमिनीची मोटस्थळ म्हणून होत असे.

पाट चांगला की वाईट हे बहुधा त्याच्या लांबीवरून किंवा अस्तरावरून ठरवले जाते. खरे तर पाण्याचे भवितव्य ठरते ते वळणाच्या जागी: नदीतून पाणी पाटात शिरते तिथे आणि पाटातून ते शेतचारीत वळते तिथे. या दोन जागी पाणी अडले नाही, मोजले गेले नाही, हवे तेव्हा बंद करता आले नाही, तर पुढची सगळी बांधकामे निम्म्या कामाची ठरतात. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्यात हा प्रश्न आज अगदी दारात उभा आहे.

बाभुळगावची नदी म्हणजे बेंबळा, वर्धा नदीला उजव्या बाजूने मिळणारी उपनदी. तालुक्यातील खडकसावंगा गावाजवळ तिच्यावर सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचे मातीचे धरण उभे आहे. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, तेव्हा रखडलेले सिंचन प्रकल्प वेगाने पूर्ण करणे हा त्याचा एक मोठा भाग होता आणि बेंबळा त्या प्रकल्पांपैकी एक. पुढे प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत देशभरातील जे ९९ प्रकल्प प्राधान्याने निवडले गेले त्यांतही त्याचा समावेश झाला. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १८४ दशलक्ष घनमीटर आहे आणि लाभक्षेत्र बाभुळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांत पन्नास हजार हेक्टरांच्या आसपास धरले आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की पाटाच्या तोंडाचे महत्त्व आपोआप कळते. १८४ दशलक्ष घनमीटर पाणी पन्नास हजार हेक्टरांवर सारखे पसरले तर सुमारे ३७ सेंटिमीटर जाडीचा थर होईल. काळ्या जमिनीत मोकाट पद्धतीने पाणी दिले तर एका ओलिताला सात-आठ सेंटिमीटर सहज जातात. म्हणजे थेंबही वाया न जाता साडेचार-पाच ओलिते. पण त्याच साठ्यातून यवतमाळ शहराला पिण्याचे पाणी द्यायचे असते, उन्हाने बाष्पीभवन होते, कालव्यात पाझर होतो, फुटक्या चारीतून पाणी नाल्याला जाते. या सगळ्यांत एक तृतीयांश पाणी गेले असे धरले तर हाती तीनच ओलिते उरतात. गव्हाला पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात मुकुटमुळे फुटताना पाणी लागते, नंतर ओंबी निसवताना आणि दाणा भरताना. हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना. कपाशीला बोंडे भरण्याच्या दिवसांत. हाती असलेल्या ओलितांतली एक पाळी चुकली तर पीक अगदी जात नाही, पण उतारा घसरतो. वाया जाणारे पाणी अडवून एक पाळी वाढवता आली, तर नवे धरण न बांधता तेवढे पाणी मिळाल्यासारखे आहे.

पाटाची जागा निवडण्यापासून सुरुवात करावी लागते. नदी वळण घेते तिथे वरचे, तुलनेने स्वच्छ पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते आणि तळाशी सरकणारी वाळू व गाळ आतल्या काठाकडे ढकलले जातात. म्हणून वळणाच्या आत वाळूचे पट्टे साचतात आणि बाहेरच्या बाजूला डोह खोल राहतो. पाटाचे तोंड बाहेरच्या काठावर, वळणाचा मध्य ओलांडल्यावर थोडे पुढे ठेवले तर त्यात पाणी भरपूर आणि वाळू कमी येते. आतल्या काठावर ठेवलेले तोंड मात्र दर पावसाळ्यानंतर गाळाने बुजते आणि गावाचे पहिले पंधरा दिवस फावड्यात जातात. जागा चुकली की पुढे काँक्रीट कितीही चांगले ओतले तरी ती चूक भरून निघत नाही.

दुसरी बाब बंधाऱ्याची. नदीतून पाणी वळवण्यासाठी दिवाळीच्या सुमारास दगडमातीचा किंवा माती भरलेल्या सिमेंटच्या पोत्यांचा कच्चा बांध घालण्याची पद्धत गावोगावी आहे. तो स्वस्त असतो, श्रमदानातून होतो आणि पुराच्या वाटेत कायमचा अडथळा उभा करत नाही. पण दरवर्षी तो नव्याने घालावा लागतो, वाहून गेलेली माती खालच्या डोहात साचते, आणि बांध घालायला दोन आठवडे उशीर झाला तर परतीच्या पावसानंतरचे वाहते पाणी निघून गेलेले असते. पक्का बंधारा या तक्रारी दूर करतो, मात्र आपल्या नव्या अडचणी घेऊन येतो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याची माती उकरते. तिथे दगडी किंवा काँक्रीटची फरसबंदी आणि तिच्यापुढे मोठ्या दगडांचे पिचिंग नसेल तर काही पावसाळ्यांत बंधारा पायातून उघडा पडतो. तळाखालून झिरपणारे पाणी मातीचे बारीक कण ओढून नेते आणि आतल्या आत बीळ तयार होते. त्यासाठी पायाची भिंत खडकापर्यंत न्यावी लागते. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा असल्यामुळे अनेक नाल्यांत हा खडक फार खोल नसतो, ही जमेची बाजू. दोन्ही काठांत बंधारा पुरेसा आत शिरवणेही तितकेच गरजेचे आहे, कारण पूर बंधाऱ्याला फोडण्यापेक्षा त्याच्या कडेने नवी वाट काढणे पसंत करतो.

गाळाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते ते नाशिक जिल्ह्यात पाहायला मिळते. गोदावरीवर नांदूर मधमेश्वर येथे १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधून दोन्ही तीरांना कालवे काढण्यात आले. बंधाऱ्यामागे शंभर वर्षांत गाळ साचत गेला, उथळ पाण्याची आणि पाणवनस्पतींची बेटे तयार झाली, पक्षी आले आणि २०२० च्या जानेवारीत ती जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाली. पक्ष्यांसाठी ते भाग्याचे ठरले. छोट्या गावबंधाऱ्याला मात्र गाळ परवडत नाही. त्याची सगळी ताकद त्या हात-दोन हात उंचीत असते. म्हणून पाटाच्या तोंडाशेजारीच, बंधाऱ्याच्या भिंतीत, नदीच्या तळाच्या पातळीवर एक मोरी ठेवतात. पाटाच्या तोंडाचा उंबरा तिच्यापेक्षा उंच असतो. पूर ओसरताना ही मोरी उघडली की तोंडाशी साचलेली वाळू नदीतच पुढे वाहून जाते. जुन्या बंधाऱ्यांच्या दुरुस्तीत कमी खर्चात मोठा फरक पाडणारे काम कोणते असे विचारले, तर या मोरीचे नाव पहिले घ्यावे लागेल.

विदर्भात पाणी अडवायला बराच वापरला जातो तो कोल्हापुरी बंधारा. दगडी किंवा काँक्रीटचे खांब आणि त्यांच्यामधल्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या किंवा लोखंडी दारे अशी त्याची रचना. कोल्हापूर संस्थानात पंचगंगेच्या खोऱ्यात तो रुजला आणि तिथून राज्यभर गेला. पावसाळ्यात गाळे मोकळे राहतात, त्यामुळे पूर आणि गाळ दोन्ही निघून जातात. पाऊस सरला की दारे बसवून वाहते पाणी अडवतात. या बंधाऱ्याचे यश एका तारखेवर अवलंबून आहे. दारे लवकर बसवली आणि उशिराचा पूर आला तर बंधाऱ्याला धोका, उशिरा बसवली तर अडवायला पाणीच नाही. त्याशिवाय दारांचे रबर कुजते, दारे उन्हाळ्यात उघड्यावर पडून राहतात आणि चोरीलाही जातात. दार कोणाच्या ताब्यात, कोणत्या खोलीत, किल्ली कोणाकडे, हे ठरलेले नसेल तर बंधारा बांधून झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी नदीत नुसते खांब उभे दिसतात. बांधकामाच्या अंदाजपत्रकात दारे ठेवण्याच्या खोलीलाही जागा हवी.

पाणी वळवण्यात बांधकामापेक्षा माणसांची व्यवस्था किती भारी पडते याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर आणि नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर काही शतके फड पद्धत चालत आली. नदीवर एकामागून एक बंधारे आणि प्रत्येकातून एक कालवा, साधारण दोन ते बारा किलोमीटर लांबीचा. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग नावाच्या लहान चाऱ्या आणि जास्तीचे पाणी नदीत परत नेणारा सांडम. भिजणारी सगळी जमीन, म्हणजे थळ, बहुधा चार फडांत विभागलेली असे. प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक: एकात ऊस, एकात गहू किंवा ज्वारी, एखादा फड पड. पुढच्या वर्षी पिके फिरत. कोणाची जमीन एकाच फडात अडकू नये म्हणून बहुतेकांचे तुकडे चारही फडांत असत. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी गावकरी बसून ठरवत की किती फड भिजवायचे. टंचाई आली तर ती सगळ्यांच्या वाट्याला येई.

या व्यवस्थेतील माणसांची कामे ठरलेली होती. पाटकरी पाणी सोडे, जागल्या पिकांवर आणि पाटावर नजर ठेवी, हवालदार देखरेख करी. त्यांचा मेहनताना लाभधारक धान्याच्या किंवा पैशांच्या रूपाने देत. स्वतःच्या शेताला पाणी स्वतः घ्यायचे नाही, ते पाटकऱ्यानेच द्यायचे, हा दंडक भांडणे टाळण्यासाठी होता. दरवर्षी पाटाची सफाई सर्वांनी मिळून करायची आणि जो येणार नाही त्याने मोबदला भरायचा. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर हे बंधारे अगदी साधे आहेत. ते टिकले ते या नियमांमुळे. खालच्या गावचा बंधारा वरच्या गावाच्या पाझरावर आणि सांडमातून परत आलेल्या पाण्यावर चालत असल्याने नदीचे पाणी एका गावाने संपवून टाकावे अशी सोयच नव्हती. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, पांझरेवर लाटीपाड्याला धरण आले, विहिरी आणि पंप वाढले आणि अनेक फडांचा जुना मेळ विस्कटला.

याच पांझरेच्या परिसरात १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नव्याने रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाणी पलीकडे नेण्यासाठी नळाच्या वक्रनलिकेचे काम केले. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी गट पद्धत पुढे आणली: विखुरलेल्या अर्जांना पाणी देण्याऐवजी जमिनीचे गट करून ठरलेल्या पीकचक्राने पाणी द्यायचे. गावांनी अनुभवातून जे साधले होते त्याच्या फार जवळ जाणारा हा विचार आहे.

बाभुळगावच्या शेतकऱ्याचा संबंध आज मुख्यतः दुसऱ्या वळणाशी येतो, म्हणजे कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुकालवा आणि लघुकालव्यातून विमोचकाद्वारे, म्हणजे दार असलेल्या नळाने, शेतचारी या उतरंडीशी. इथली अडचण मातीपासूनच सुरू होते. वऱ्हाडातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. अशा मातीवर थेट अस्तर घातले तर काही हंगामांत ते उचलले जाते, तडकते आणि त्या तड्यांतून पाणी आत शिरून फुगवटा आणखी वाढतो. यावर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी संशोधन करून उपाय दिला तो असा की काळी माती आणि अस्तर यांच्यामध्ये न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मुरुमासारख्या मातीचा कुटलेला थर द्यायचा. देशातील अनेक कालव्यांवर तो वापरला गेला. मोठ्या कालव्यावर ही काळजी घेतली जाते. लघुकालव्यावर आणि विमोचकाभोवती मात्र ती सहज सुटते, आणि गळती तिथेच जास्त दिसते. विमोचकाच्या नळाभोवतीची माती नीट कुटलेली नसली की पाणी नळातून न जाता नळाच्या बाजूने वाट काढते. दार बंद असले तरी चारी वाहतच राहते.

त्यातच झाडोरा. विदर्भात बेशरम या नावाने ओळखले जाणारे झुडूप ओलसर काठावर फोफावते आणि पानकणीस पाण्यातच उभे राहते. पाण्याचा वेग मंदावला की गाळ बसतो, गाळ बसला की झाडोरा वाढतो. पाटाची वहनक्षमता अशी घटल्यावर वरच्या अंगाला पाणी काठावरून फुटते आणि खालच्या अंगाला पोचतच नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे कपाशीची पहिली वेचणी चालू असतानाच, सफाई उरकली तर तिचा उपयोग. नेमका तोच मजुरांच्या टंचाईचा काळ असल्याने हे काम आधी ठरवून ठेवावे लागते.

पाणी मोजल्याशिवाय वाटता येत नाही, आणि मोजमाप हा आपल्या पाटांचा सर्वांत कच्चा दुवा आहे. लहान चारीवर त्रिकोणी खाचेची पाटी बसवून काम भागते. काटकोनी खाचेवरून दहा सेंटिमीटर उंचीने पाणी वाहत असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लीटर जाते. वीस सेंटिमीटर उंचीला सुमारे पंचवीस लीटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपट होते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज हमखास चुकतो. गढूळ पाण्याच्या मोठ्या चाऱ्यांवर मध्ये अरुंद केलेली पन्हळ बसवतात, तिच्यात गाळ अडकत नाही. अशी एक पन्हळ अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राल्फ पार्शल यांनी १९२० च्या दशकात तयार केली. तिथेही नदीतून पाट काढणाऱ्या शेतकऱ्यांचे तंटे हेच कारण होते. आज ती त्यांच्याच नावाने जगभर वापरली जाते. शेजारी उभ्या केलेल्या मोजपट्टीवरची उंची वाचायची आणि तक्त्यातून प्रवाह काढायचा, एवढे काम गावातील कोणताही तरुण तासाभरात शिकतो. एक क्युसेक प्रवाह चोवीस तास चालला तर सुमारे २,४५० घनमीटर पाणी येते, म्हणजे आठ सेंटिमीटरच्या ओलिताने तीन हेक्टर, साडेसात एकर जमीन भिजली पाहिजे. प्रत्यक्षात चारच एकर भिजली, तर उरलेले पाणी कुठे गेले हे चारीने चालत जाऊन शोधता येते.

मोजलेले पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे यासाठी महाराष्ट्रात शेजपाळी आहे. शेतकऱ्यांकडून सात नंबरच्या अर्जावर पाण्याची मागणी घेतात, पिकांची यादी होते आणि पाळीचा कार्यक्रम ठरतो. पाणी शेपटाकडून मुखाकडे देत यावे हे तिचे तत्त्व. तोंडाजवळच्या शेताला पाणी कधीही मिळू शकते, शेवटच्या शेताला ते आधी दिले तरच मिळते. हा क्रम मोडतो तो विमोचकावर. दार तोडणे, पाटात नळी टाकून पाणी ओढणे, रात्री चारीला भगदाड पाडणे हे प्रकार तोंडाकडे होतात आणि त्यांची किंमत शेपटाकडचा शेतकरी मोजतो. नुसते मजबूत कुलूप हे याला उत्तर नाही. पाणी येणार, अमुक दिवशी येणार आणि इतके तास राहणार, याची खात्री पटली की दार तोडण्याचे कारणच उरत नाही.

२००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्यानुसार लघुकालव्याच्या पातळीवर पाणी वापर संस्था स्थापन होते, तिला घनमापन पद्धतीने पाणी दिले जाते आणि आतले वाटप व पाणीपट्टीची वसुली संस्था करते. संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांतले शेतकरी आणि महिला असाव्यात, हीदेखील तरतूद आहे. या कायद्याच्या आधीच नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, हा मार्ग चोखाळला होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी शेपटाकडच्या गावांत तीन संस्थांनी सुरुवात झाली, पुढे त्या २४ झाल्या आणि सगळ्या मिळून प्रकल्पस्तरीय संघ उभा राहिला. संस्थेला पाणी मोजून मिळू लागल्यावर कोणते पीक घ्यायचे हा निर्णय शेतकऱ्याचा झाला आणि पाणी वाचवण्यात त्याचा थेट फायदा दिसू लागला. विदर्भात अशा संस्था कागदावर पुष्कळ, चालत्या कमी. नादुरुस्त चारी, न मोजलेले पाणी आणि थकलेली पाणीपट्टी यांचे ओझे पहिल्याच दिवशी डोक्यावर आले तर संस्था चालणार कशी? ताबा देण्यापूर्वी अधिकारी आणि शेतकऱ्यांनी संयुक्त पाहणी करावी, दुरुस्त्या पूर्ण व्हाव्यात आणि तोंडाशी मोजयंत्र बसावे, हा क्रम म्हणूनच पाळायला हवा.

उघड्या पाटांऐवजी बंद नळाने पाणी देण्याकडे आता शासनाचा कल आहे. बाभुळगाव तालुक्यातच बेंबळेच्या जलाशयावर डेहणी उपसा सिंचन योजना आखली गेली, ती सूक्ष्म सिंचनाला जोडून. नळामुळे भूसंपादन वाचते, पाझर आणि बाष्पीभवन थांबते, बेशरमचा प्रश्नच राहत नाही. तरीही तोंडाशी करायची कामे सुटत नाहीत, उलट अधिक काटेकोर होतात. गढूळ पाणी ठिबकच्या नळ्यांत गेले तर छिद्रे बुजतात, म्हणून उगमाशी गाळ बसवणारी टाकी आणि गाळण्या लागतात. उपसा असेल तर विजेचे बिल कोण भरणार हे आधी ठरावे लागते. झडपांची दुरुस्ती फावड्याने होत नाही, त्यासाठी सुटे भाग आणि ते बसवणारा माणूस जवळ हवा.

नदीचाही या पाण्यात वाटा आहे. बंधाऱ्याने पाणी पूर्ण अडवले तर खालच्या गावांचे डोह आटतात, जनावरांचे पाणी जाते, विहिरींची पातळी उतरते. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. सरळ उभी भिंत त्यांना अडवते आणि त्याचा फटका नदीवर पोट असलेल्या भोई समाजाला बसतो. कोल्हापुरी बंधाऱ्याचे गाळे जूनपूर्वी पूर्ण मोकळे केले तर ही अडचण बरीच टळते. पक्क्या बंधाऱ्याला खालच्या बाजूने दगडांचा लांब, मंद उतार दिला आणि एका कडेला थोडी सखल वाट ठेवली तर मासे चढू शकतात, आणि तोच उतार पायथ्याची माती उकरली जाण्यापासूनही बंधाऱ्याला वाचवतो. अशा सखल वाटेने हिवाळ्यातही थोडा प्रवाह खाली जात राहतो.